हवा कोण तयार करते? : अमेरिकेतील उमेदवारीची फेरी आणि वार्तांकन

गेल्या अंकात कापूस आणि अमेरिकी आयातशुल्क यांविषयी लिहिताना मी म्हटले होते की, अमेरिकेचा अध्यक्ष नोव्हेंबरमध्ये निवडला जात असला तरी त्यातले बरेचसे आधीच, पक्षांतर्गत उमेदवारीच्या फेरीत, ठरून गेलेले असते आणि ते ठरवण्यात वर्तमानपत्रे व दूरचित्रवाहिन्या यांचा हात मोठा असतो. या एका वाक्यावर वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंतच्या वाचकांनी शंका, हरकती आणि काही तिखट प्रश्न पाठवले. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आपल्याकडे पक्ष तिकीट देतो आणि आपण मत देतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवारही लोकच निवडतात, एवढे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु मुख्य निवडणुकीपेक्षा या फेरीवर प्रसारमाध्यमांचा प्रभाव अधिक असतो, असे आपण कशाच्या आधारे म्हणता?
— शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नोव्हेंबरच्या मतदानात समोर मुख्यतः दोन पक्ष असतात आणि बहुतेक मतदारांचा पक्ष घरातूनच ठरून आलेला असतो, त्यामुळे बातम्या वाचून त्यांचे मत फारसे हलत नाही. उमेदवारीच्या फेरीत मात्र सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, कधी पाच, कधी पंधरा. त्यांची धोरणेही पुष्कळशी सारखी. आणि त्यांतले निम्मे लोक मतदाराने कधी ऐकलेलेही नसतात. पक्षाच्या चिन्हाचा आधार नसला की मतदार दुसरा आधार शोधतो आणि तो आधार बहुधा एकच असतो : कोण जिंकण्याच्या जवळ आहे असे सांगितले जात आहे.

हे पूर्वीपासून असे नव्हते. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान, न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, कारण उमेदवारावर शिक्कामोर्तब करणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनातील बहुसंख्य प्रतिनिधी पक्षातील वजनदार मंडळींच्या हातात होते. त्यावरून शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावरही रण माजले. मग मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांच्या नावाने ओळखला जाणारा आयोग नेमला गेला आणि १९७२पासून बहुतेक प्रतिनिधी मतदारांच्या कौलाने निवडले जाऊ लागले. पुढाऱ्यांच्या हातून सत्ता गेली, हे चांगलेच झाले. पण उमेदवाराला जवळून पाहून, त्याची कुवत जोखून त्याला पुढे करण्याचे किंवा मागे खेचण्याचे जे काम पुढारी करीत होते, ते कोणी करायचे याची व्यवस्था कोणी केली नाही. ती जागा वार्ताहरांनी घेतली. त्यांना ते काम कोणी दिले नव्हते आणि त्यासाठी ते कोणाला उत्तरदायीही नव्हते.

प्रश्न : आयोवा हे राज्य मका आणि सोयाबीन यांचे, असे वाचले. शेतकऱ्यांचे एक लहानसे राज्य देशाचा अध्यक्ष ठरवते, याचा आम्हां सोयाबीनवाल्यांना हेवा वाटतो. हे खरे आहे काय?
— शेतकरी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : राज्याची ओळख आपण बरोबर करून दिली आहे. आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख, म्हणजे २०११च्या जनगणनेतील अमरावती जिल्ह्याहून थोडीच जास्त. १९७२पासून तेथील कॉकस, म्हणजे गावोगावच्या शाळांत, सभागृहांत पक्षाच्या लोकांनी एकत्र जमून कौल देण्याची पद्धत, सर्वांत आधी होत आली; डेमोक्रॅटिक पक्षाने मात्र २०२४ साली हा पहिला मान आयोवाकडून काढून घेतला. त्यानंतर न्यू हॅम्पशायरची प्रायमरी. तेथून निवडून येणारे प्रतिनिधी एकूण संख्येत अगदी थोडे. तरीही उमेदवार वर्षभर तेथील जत्रांमध्ये फिरतात आणि मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलचे गोडवे गातात. हेवा वाटावा एवढा शेतकऱ्यांचा धाक तेथे आहे, हे मान्य; मात्र तोही पूर्ण नव्हे. २०१६ साली टेड क्रूझ यांनी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या सक्तीला विरोध केला, राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांना पाडा असे उघड सांगितले, आणि तरी रिपब्लिकन कॉकस क्रूझ यांनीच जिंकली.

आता मुख्य मुद्दा. आयोवा स्वतः फारसे काही ठरवत नाही. आयोवात काय झाले हे ज्या पद्धतीने सांगितले जाते, ती पद्धत ठरवते. १९७६ साली तेथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या कौलात सर्वाधिक ३७ टक्के लोकांनी कोणालाही पाठिंबा न देणे पसंत केले आणि जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना सुमारे २८ टक्के मिळाले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कार्टर विजयी ठरले. कोरा कौल हा काही उमेदवार नसतो, त्याची मुलाखत घेता येत नाही, त्याच्यावर लेख लिहिता येत नाही. आणि देशात फारसे कोणाला ठाऊक नसलेला, भुईमुगाची शेती असलेला माणूस पुढे आला ही बातमी मोठी चविष्ट होती. त्या वर्षाच्या शेवटी कार्टर अध्यक्ष म्हणून निवडून आले.

१९८४ साली तर याहून विलक्षण प्रकार झाला. वॉल्टर मॉन्डेल यांनी आयोवात ४९ टक्के मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गॅरी हार्ट यांना १६.५ टक्के मिळाले, म्हणजे मॉन्डेल यांच्या एक तृतीयांश. परंतु मॉन्डेल जिंकणार हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून त्यांच्या विजयात बातमी उरली नव्हती. हार्ट दुसरे येतील असे कोणी म्हटले नव्हते, म्हणून बातमी हार्ट यांची झाली. आठच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हार्ट यांनी मॉन्डेल यांना ३७ विरुद्ध २८ टक्क्यांनी हरवले. मधल्या आठ दिवसांत हार्ट यांनी नवे धोरण मांडले नव्हते की मॉन्डेल यांनी मोठी चूक केली नव्हती. उमेदवारी शेवटी मॉन्डेल यांनाच मिळाली, पण फार दमछाक होऊन.

असा हिशेब उलटाही बसतो. १९६८च्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेच नव्हते, लोकांनी ते हाताने लिहिले, आणि तरीही त्यांना सुमारे ५० टक्के व युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मते पडली. बातम्यांनी याला अध्यक्षांचा पराभव म्हटले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी माघार घेतली. त्यामागे व्हिएतनाम होते आणि रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरल्याचेही कारण होते; सगळे श्रेय वार्ताहरांना देणे चूक ठरेल. १९७२ साली एडमंड मस्की त्याच राज्यात ४६ विरुद्ध ३७ टक्क्यांनी जिंकले, पण शेजारच्या मेन राज्यातल्या या माणसाने निम्म्याहून जास्त मते घ्यायला हवी होती असे आधीच लिहून झाले असल्यामुळे विजयी मस्की दुबळे आणि पराभूत मॅकगव्हर्न बलवान ठरले.

उमेदवारांनीही हे गणित चटकन आत्मसात केले. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आलेले बिल क्लिंटन यांनी त्याच रात्री आपण पुन्हा उभे राहिल्याची घोषणा केली आणि पहिले आलेले पॉल साँगस बातम्यांत मागे पडले. २०१६ साली आयोवात क्रूझ २७.६, ट्रम्प २४.३ आणि मार्को रुबिओ २३.१ टक्के असा निकाल लागला. तिसरे आलेले रुबिओ विजयाचे भाषण करून मोकळे झाले आणि पुढचे काही दिवस त्यांच्या उसळीवर चर्चा चालली. नंतरच्या न्यू हॅम्पशायरमध्ये ते पाचवे आले. पक्षपात म्हटला की आपण कोणाची तरी बाजू घेणे एवढाच अर्थ घेतो. मला अधिक घातक वाटतो तो हा प्रकार : कोणाला किती मते पडली पाहिजेत हे निकालाआधी ठरवायचे आणि मग खऱ्या मतांना त्या अंदाजाच्या काट्यावर तोलायचे. अंदाज चुकला तर चूक अंदाज बांधणाऱ्याची असते, पण शिक्षा उमेदवाराला होते.

प्रश्न : आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. जोडी सुटण्याआधी कोणती जोडी मारणार याची पैज दानीवर रंगते, त्याने बैलांचे काही बिघडत नाही. वाहिन्यांनी कोण पुढे, कोण मागे असे सांगितले तर एवढे काय बिघडले?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : आपला दाखला इतका नेमका आहे की, तो जेथे तुटतो तेथेच उत्तर सापडते. पटाच्या दानीवर कोणी काहीही बोलले तरी बैलांच्या कानी ते जात नाही आणि त्यांचा वेग बदलत नाही. उमेदवारीच्या फेरीत मात्र पुढे कोण आहे ही बातमीच पुढे कोण जाईल हे बदलते. देणगीदार हरणाऱ्यावर पैसा लावत नाहीत. कार्यकर्ते हरणाऱ्याकडे राहत नाहीत. आणि मतदारही आपले मत वाया जाऊ नये म्हणून जिंकू शकणाऱ्याकडे वळतात.

यात आणखी एक फेरा आहे. ऑगस्ट २०१५मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सतरा प्रमुख उमेदवार होते आणि फॉक्स न्यूज वाहिनीने क्लीव्हलँड येथील पहिल्या वादसभेत फक्त दहांना मुख्य मंचावर बोलावले. निवड कशावर? देशभरातील जनमत चाचण्यांच्या सरासरीवर. निवडणुकीला वर्षाहून अधिक काळ असताना चाचणीत कोण वर असते? ज्याचे नाव ऐकलेले असते तो. नाव कोणाचे ऐकलेले असते? जो वाहिनीवर दिसतो त्याचे. वाहिनीवर दिसायचे असेल तर चाचणीत वर असावे लागते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ती सभा सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली. उरलेल्या सातांना त्याच दिवशी आधीच्या वेळेत, फारसे कोणी टीव्हीसमोर नसताना, बोलावले गेले. डेमोक्रॅटिक पक्षाने २०१९ साली चाचणीत एक टक्का मिळवा किंवा ६५ हजार देणगीदार दाखवा अशी दुहेरी वाट ठेवली. ती तुलनेने बरी, कारण त्यामुळे वीस जणांना दोन रात्रींत मिळून मंच मिळाला. तरी तीतही चाचणीचे माप राहिलेच.

चाचण्यांच्या या खेळाचा कळस २०११ साली झाला. रिपब्लिकन मतदारांना मिट रॉम्नी मनापासून नको होते, म्हणून एकेका नव्या नावाची हवा होत गेली. मिशेल बॅकमन, मग रिक पेरी, मग हर्मन केन, मग न्यूट गिंगरिच. प्रत्येकाचा प्रवास एकाच साच्यातला होता : आधी नवा चेहरा म्हणून कोडकौतुक, त्याने चाचणीत उडी, उडी मारली म्हणून त्याच्या पूर्वायुष्याची झाडाझडती, आणि त्यानंतर घसरण. पेरी ऑगस्टमध्ये उतरले तेव्हा तेच उमेदवार होणार असा सूर होता. नोव्हेंबरच्या वादसभेत आपण बंद करणार असलेल्या तीन केंद्रीय खात्यांपैकी तिसरे त्यांना आठवले नाही आणि हवा ओसरली. शेवटी उमेदवारी रॉम्नी यांना मिळाली.

प्रश्न : ट्रम्प वार्ताहरांना सतत शिव्या देतात आणि वार्ताहर त्यांच्यावर सतत टीका करतात. मग २०१६ साली प्रसारमाध्यमांनीच त्यांना मोठे केले असे आपण कसे म्हणू शकता?
— गृहिणी व नियमित वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : टीका आणि प्रसिद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उमेदवारीच्या पहिल्या टप्प्यात टीकेपेक्षा प्रसिद्धीचे माप अधिक भरते. सतरा जणांच्या गर्दीत पहिली लढाई ओळखले जाण्याची असते. मार्च २०१६मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मीडियाक्वांट या संस्थेचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार ट्रम्प यांना तोवर सुमारे २ अब्ज डॉलर किमतीची फुकटची प्रसिद्धी मिळाली होती आणि त्यांनी स्वतः जाहिरातींवर केलेला खर्च सुमारे १ कोटी डॉलर होता. त्यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी जेब बुश यांना मिळालेली फुकटची प्रसिद्धी सुमारे २१ कोटी डॉलरची. असे हिशेब ढोबळ असतात, बातमीची किंमत जाहिरातीच्या दराने लावणे हेच मुळात वादग्रस्त आहे. पण नऊ-दहापट फरक ढोबळपणातून येत नाही.

ती प्रसिद्धी टीकेचीच होती का, हे हार्वर्ड विद्यापीठातील थॉमस पॅटरसन यांनी तपासले. २०१५ सालच्या आठ प्रमुख वृत्तसंस्थांच्या बातम्या पाहिल्यावर त्यांना आढळले की, त्या काळात ट्रम्प यांच्याविषयीच्या बातम्यांचा कल एकूण अनुकूल होता. हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल, पण कारण साधे आहे. त्यांच्या भूमिकांवरच्या बातम्या कडवट असल्या तरी अशा बातम्या थोड्याच होत्या. बहुसंख्य बातम्या चाचणीत वाढ, सभेला गर्दी, प्रतिस्पर्धी हतबल अशा होत्या, आणि अशी बातमी कितीही तटस्थपणे लिहिली तरी ती उमेदवाराच्या लाभाची ठरते. त्याच अभ्यासात डेमोक्रॅटिक पक्षातील इच्छुक बर्नी सँडर्स यांच्याविषयीच्या बातम्यांचा सूर चांगला, पण वाटा तुटपुंजा असल्याचे दिसले. १५ मार्च २०१६च्या रात्री सँडर्स भाषण करीत असताना वृत्तवाहिन्या ट्रम्प येणार असलेले रिकामे व्यासपीठ दाखवत बसल्या, त्याचा सँडर्स यांच्या समर्थकांना आजही राग आहे आणि तो रास्त आहे.

वाहिन्यांनी असे का केले याचे उत्तर सीबीएस या दूरचित्रवाहिनीचे तेव्हाचे प्रमुख लेस्ली मूनव्हेस यांनी फेब्रुवारी २०१६मध्ये गुंतवणूकदारांच्या एका बैठकीत स्वतःच देऊन टाकले. हे सगळे अमेरिकेसाठी चांगले नसेलही, पण सीबीएससाठी फारच चांगले आहे, अशा आशयाचे ते बोलले. इतक्या उघडपणे बोलणारा माणूस क्वचितच भेटतो.

प्रश्न : आपण सगळा दोष सवयी आणि धंदा यांवर टाकता. मालकांचे आणि पक्षश्रेष्ठींचे संगनमत नसतेच काय?
— तालुका वार्ताहर, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : असते, आणि त्याचे पुरावेही आहेत. न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर युनियन लीडर या वर्तमानपत्राचे प्रकाशक विल्यम लोब यांनी १९७२ साली मस्की यांच्याविरुद्ध उघड मोहीम चालवली आणि त्यांना अडचणीत आणणारे एक पत्र छापले, जे पुढे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. मस्की त्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर बर्फात उभे राहून संतापाने बोलले. ते रडले असे वार्ताहरांनी लिहिले, आणि गालावर होता तो वितळलेला बर्फ होता असे मस्की सांगत राहिले. नोव्हेंबर २०१९मध्ये मायकेल ब्लूमबर्ग स्वतः उमेदवार झाले, तेव्हा त्यांच्या मालकीच्या वृत्तसंस्थेने जाहीर केले की, आपण मालकाची चौकशी करणार नाही आणि समतोल राखण्यासाठी त्यांच्या डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्ध्यांचीही करणार नाही. हा समतोल कोणत्या व्याख्येत बसतो, ते आपणच ठरवा. २०१६ साली डॉना ब्राझील या सीएनएनवर समालोचक होत्या आणि त्यांनी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारपथकाला कार्यक्रमातील प्रश्नांची कुणकुण आधीच दिल्याचे फुटलेल्या ईमेलमधून बाहेर आले. वाहिनीने त्यांच्याशी संबंध तोडले.

परंतु संगनमताची उदाहरणे लक्षात राहतात आणि सवयीची निसटतात, म्हणून मी सवयीवर भर दिला. ऑगस्ट २०११मध्ये आयोवातील एम्स येथे झालेल्या नमुना मतदानात बॅकमन यांना ४,८२३ आणि रॉन पॉल यांना ४,६७१ मते पडली. अंतर केवळ १५२ मतांचे. पुढचे दोन दिवस बॅकमन यांच्याविषयी मथळे झळकले आणि पॉल यांचे नाव अनेक वाहिन्यांनी घेतलेही नाही, कारण ते जिंकू शकणार नाहीत हे स्टुडिओत आधीच ठरले होते. पाच महिन्यांनी प्रत्यक्ष कॉकसमध्ये बॅकमन सहाव्या आल्या आणि दुसऱ्याच दिवशी बाहेर पडल्या. पॉल तिसरे आले. यात मालकाचा फोन आला होता असे मानण्याची गरज नाही. शंभर वार्ताहर एकाच बसमधून फिरतात, एकाच हॉटेलात उतरतात, एकमेकांचे वाचतात आणि वेगळे लिहिणाऱ्याला संपादक विचारतो की बाकीच्यांनी असे का लिहिले नाही. आपण स्वतः वार्ताहर आहात. तालुक्याच्या ठिकाणी हे कसे घडते ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल.

घाईचेही तसेच. ३ जानेवारी २०१२च्या रात्री आयोवात रॉम्नी आठ मतांनी जिंकले असे जाहीर झाले, आणि दोन आठवड्यांनी अंतिम मोजणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तोवर न्यू हॅम्पशायर होऊन गेले होते आणि पहिल्या विजयाचा लाभ ज्याला मिळायला नको होता त्याला मिळून चुकला होता. १५ जानेवारी २०२४ रोजी असोसिएटेड प्रेसने आयोवातील कॉकस सुरू झाल्यावर सुमारे अर्ध्या तासात ट्रम्प यांचा विजय घोषित केला, तेव्हा अनेक ठिकाणी लोकांची मते पडायची होती. निकाल बरोबर होता, ट्रम्प यांना ५१ टक्के मिळाले. तरी मत देण्यासाठी रांगेत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर निकाल यावा, ही गोष्ट मला मुळीच पटत नाही.

प्रश्न : २००४ साली डेमोक्रॅटिक पक्षातील इच्छुक हॉवर्ड डीन यांची उमेदवारी एका ओरडण्याने संपली, असे ऐकले आहे. खरे काय?
— ग्रंथालय सेवक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : क्रम उलटा आहे. १९ जानेवारी २००४ रोजी आयोवात जॉन केरी यांना ३८, जॉन एडवर्ड्स यांना ३२ आणि डीन यांना १८ टक्के मिळाले, समर्थकांपुढच्या भाषणातले ते ओरडणे त्यानंतरचे, त्याच रात्रीचे. सभागृहात इतका गोंगाट होता की डीन यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, परंतु हातातला मायक्रोफोन फक्त जवळचा आवाज टिपणारा होता, म्हणून टीव्हीवर गर्दी गप्प आणि एकटा माणूस किंचाळतो आहे असे दिसले. ती फीत पुढच्या काही दिवसांत वाहिन्यांवर शेकडो वेळा दाखवली गेली. वर्षभर त्यांची जी हवा झाली होती तीही अतिरंजित होती, आणि नंतरची चेष्टाही.

प्रश्न : पैसा ओतला तर हवा विकत घेता येते, हे तरी खरे ना?
— किराणा व्यापारी, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : नेहमी नाही. जेब बुश यांच्या पाठीशी असलेल्या समितीने २०१५च्या पहिल्या सहामाहीतच १० कोटी डॉलरहून अधिक जमवले होते, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये त्यांना घरी बसावे लागले. ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये स्वतःचे सुमारे १ अब्ज डॉलर खर्च केले. जिंकली ती फक्त अमेरिकन सामोआ या बेटांवरची लढत. उलट जो बायडेन त्याच वर्षी आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, त्यांचे जवळजवळ मृत्युलेख लिहून झाले, आणि २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचलून धरले. त्या मतदारांना बायडेन अनेक दशकांपासून ठाऊक होते. ज्याला मतदार स्वतः ओळखतो, त्याच्याबाबत बातम्यांची आणि जाहिरातींची मात्रा कमी लागू पडते.

प्रश्न : विवेक रामस्वामी, निकी हेली, कमला हॅरिस यांच्याविषयी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एवढे छापून आले की, भारतीय वंशाचा अध्यक्ष आता होणारच असे वाटले. आपल्या वर्तमानपत्रांचे काय?
— निवृत्त ग्रामसेवक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : आपला टोला आमच्याही पाठीवर बसतो, आणि तो योग्य आहे. रामस्वामी २०२४ साली आयोवात चौथे आले, आठ टक्क्यांच्या आतच राहिले आणि त्याच रात्री बाहेर पडले. हेली यांनी कोलंबिया जिल्हा (राजधानी वॉशिंग्टन) आणि व्हर्माँट एवढ्याच लढती जिंकल्या व ६ मार्च २०२४ रोजी प्रचार थांबवला. त्यांच्याआधी बॉबी जिंदल २०१५च्या नोव्हेंबरातच, एकही मत पडण्यापूर्वी, बाजूला झाले होते. कमला हॅरिस यांनी जानेवारी २०१९मध्ये ओकलंडला वीस हजारांची सभा घेतली तेव्हा अमेरिकेतही त्यांना आघाडीच्या मानले गेले. त्याच डिसेंबरात, आयोवाच्या आधीच, त्यांनी माघार घेतली. २०२४ साली त्या उमेदवार झाल्या त्या प्रायमरी जिंकून नव्हे, तर २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतल्यामुळे.

आपल्याकडच्या बातम्यांत या सर्वांचे आजोळ, आईवडिलांचे गाव, घरातले पदार्थ यांची माहिती रकाने भरून आली. आयातशुल्क, व्हिसा, शेतीमालाचा व्यापार यांवर त्यांचे म्हणणे काय, हे शोधावे लागे. पाळेमुळे भारतात असलेला उमेदवार भारताच्या बाजूचा असेल हे गृहीतक कोणी तपासले नाही. रामस्वामी यांनी तर एच-१बी व्हिसाची सध्याची पद्धत मोडीत काढण्याची भाषा केली होती.

प्रश्न : ऑगस्ट २०२५मध्ये ट्रम्प यांनी आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि लगेच केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क तात्पुरते उठवले. नुकसान आम्हां कापूसवाल्यांचे. अशा माणसाच्या शुल्काविषयीच्या भूमिकेची चर्चा उमेदवारीच्या वेळी झालीच नव्हती काय?
— कापूस उत्पादक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : ट्रम्प यांनी शुल्काविषयीचे विचार कधी लपवले नाहीत. २०२३मध्ये उमेदवारीच्या फेरीतच त्यांनी सर्व आयातीवर सरसकट शुल्काची कल्पना मांडली होती. तिची बातमी आली. पण पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी रॉन डीसँटिस त्यांना गाठतील का, कोणत्या खटल्याचा चाचणीवर काय परिणाम होईल, या बातम्यांच्या ढिगाखाली ती गेली. डीसँटिस यांचेच पाहा : नोव्हेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्क पोस्टने त्यांना पहिल्या पानावर पक्षाचे भविष्य ठरवले आणि २१ जानेवारी २०२४ रोजी, एकच राज्य लढवून, ते बाहेर पडले. मधले चौदा महिने त्यांची हवा वाढते की घटते हे मोजण्यात गेले. शुल्क कोणत्या मालावर, किती, आणि त्याची झळ कोणत्या देशातील शेतकऱ्याला बसेल, याची तपासणी करायला तेवढा वेळ पुरेसा होता. राळेगावच्या बाजारात कापसाचा भाव का पडला हे आपण आज विचारता, त्याचे एक टोक त्या न झालेल्या तपासणीत आहे. दुसरे टोक अर्थातच दिल्लीत आहे आणि त्याचा दोष अमेरिकी वार्ताहरांवर ढकलता येणार नाही.

प्रश्न : आपल्याकडे प्रायमरी नाही. म्हणजे हा रोग आपल्याला नाही असे समजावे काय? आणि असेल तर तक्रार कोठे करावी?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : आपल्याकडे उमेदवार पक्ष ठरवतो, परंतु पक्षश्रेष्ठी तिकीट देताना कोणाची हवा आहे हे पाहतात, आणि ती हवा तिकीटवाटपाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत प्रबळ दावेदार, युवा नेतृत्व, जनतेचा आग्रह अशा मथळ्यांतून तयार केली जाते. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत शब्दशः सारख्या बातम्या छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी द हिंदूमधून उघडकीस आणले आणि २०१०मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर अहवाल दिला. मतदानोत्तर चाचण्यांवर आपल्याकडे बंधन आहे : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदानाच्या पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यानंतर अर्धा तास होईपर्यंत त्या प्रसिद्ध करता येत नाहीत. म्हणूनच २०२४ साली नागपूर, रामटेकचे मतदान १९ एप्रिलला झाले तरी चाचण्यांचे आकडे १ जूनच्या संध्याकाळी आले. ते आकडे किती चुकले हे ४ जूनला सर्वांनी पाहिले.

तक्रारीविषयी. लोकसभा व विधानसभा निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, तिचे अध्यक्ष जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी असतात, आणि पैसे देऊन छापलेल्या बातमीची तक्रार त्यांच्याकडे लेखी करता येते. कात्रण मूळ असावे, त्यावर वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान दिसावे. तोच मजकूर दुसऱ्या वर्तमानपत्रात आला असेल तर तेही कात्रण जोडावे, कारण सारखेपणा हाच सर्वांत बोलका पुरावा असतो. तक्रार मान्य झाल्यास ती रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. अडचण अशी की, कायद्याने उमेदवाराचा खर्च उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून मोजला जातो. आपण ज्या काळाविषयी विचारत आहात, म्हणजे तिकीट मिळण्याआधी इच्छुकांची हवा केली जाते तो काळ, त्या मोजणीच्या बाहेर राहतो. आपल्याकडील कात्रणे त्या काळातली असतील तर समितीकडे जाऊन उपयोग होणार नाही. ती वृत्तपत्र परिषदेकडे पाठवावीत. त्याआधी संबंधित संपादकाला लेखी कळवून त्याचे उत्तर मागवावे लागते, हे विसरू नये.